ट्राऊट पकडायचाय? आधी पाण्याचा ताप बघा

ट्राऊट या गार पाण्यातल्या माशासाठी, थंडीत गोठणाऱ्या एका मोठ्या तळ्यावर, वसंतात पहिल्यांदा छोटी होडी घेऊन गेलो तेव्हा माझ्याकडे तीन रॉड होते, डबाभर चमकते लूअर (म्हणजे गळ लावलेली खोटी आमिषं) होते, थर्मॉसमध्ये चहा होता, आणि नव्हता फक्त साधा थर्मामीटर. दिवसभर तळ्याच्या मधोमध फिरलो कारण डोक्यात पक्कं होतं की मोठा मासा खोल पाण्यातच असणार, आणि संध्याकाळी हात हलवत परत. काठावर एक आजोबा लाकडी वल्ह्यांच्या होडीतून उतरत होते, त्यांच्याकडे दोन मस्त ब्राऊन ट्राऊट. कुठे मिळाले विचारलं तर म्हणाले, "तू जिथून होडी ढकललीस ना, तिथेच." मी चिडलो थोडा, पण खरं सांगत होते ते. वसंतात मासा काठाला असतो, तुमच्या माझ्या कमरेएवढ्या पाण्यात सुद्धा, आणि का असतो ते एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

पाणी सगळ्यात जड असतं 4 अंश सेल्सियसला. थंडीत बर्फाखालचं वरचं पाणी 0 अंशाच्या आसपास आणि तळाचं 4 च्या आसपास असतं. बर्फ गेलं की ऊन आणि वारा वरचं पाणी तापवायला लागतात, ते 4 पर्यंत येतं, जड होतं, खाली बुडतं, खालचं वर येतं, आणि काही दिवस अख्खं तळं वरपासून तळापर्यंत एकाच तापमानाचं होऊन ढवळून निघतं. त्या काळात सगळीकडे ऑक्सिजन भरपूर, सगळीकडे सारखीच थंडी, म्हणजे माशाला कुठेही राहायला हरकत नाही. मग तो कुठे जातो? जिथे खायला आहे तिथे. आणि खाणं, म्हणजे बारीक मासे, किडे, अळ्या, हे सगळं जमतं जिथे पाणी बाकी तळ्यापेक्षा एखाद दोन अंशांनी का होईना पण गरम आहे. एवढाच सगळा खेळ आहे. उन्हाळ्यात वर गरम खाली गार असा थर पडतो आणि मासा खोल उतरतो, तेव्हा वजनं लावून लाईन खाली सोडणारी मशिनं वगैरे लागतात, वसंतात त्यातलं काही लागत नाही आणि म्हणून हा छोट्या होडीवाल्यांचा सीझन आहे. मोठ्या बोटी 2 मीटर पाण्यात यायला कचरतात, तुम्ही येऊ शकता.

तर थर्मामीटर घ्या. साधा, दोरी बांधायचा. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) असेल तर त्यात तापमान दिसतंच, पण तो वरच्या पाण्याचं दाखवतो आणि ऊन असलं की वरचा बोटभर थर उगाच गरम झालेला असतो, त्यावर भुलू नका. अर्धा मीटर दोरी सोडून मिनिटभर थांबा आणि मग वाचा. पहिला तास मी गळ पाण्यात टाकतच नाही, काठाकाठानं जातो आणि दर दोनएकशे मीटरवर माप घेतो. 5, 5, 5.5, 5, मग अचानक 7. थांबा तिथे.

हे 7 कुठे सापडतं तर उथळ, आत वळलेल्या काठाला जिथे तळ काळा, गाळाचा किंवा गडद दगडांचा आहे, कारण काळा तळ ऊन पितो. दुसरं म्हणजे ज्या काठाकडे वारा वाहतोय तो काठ. लोक उलट करतात, आडोशाचा शांत काठ धरतात, बसायला बरा वाटतो म्हणून. पण दोन दिवस एकाच दिशेनं वारा वाहिला की तो तळ्यावरचं सगळं कोमट पाणी ढकलत ढकलत समोरच्या काठाला नेऊन साठवतो, त्याबरोबर बारीक जीव जातात, त्यांच्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे ट्राऊट. फक्त वारा चालू असताना छोट्या होडीनं तिथे जायचं नाही हं, वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, कोमट पाणी लगेच कुठे पळून जात नाही.

तिसरी जागा ओढ्याचं किंवा नदीचं तोंड. इथे मात्र सगळे फसतात. ओढ्याचं पाणी गरमच असेल असं नाही, वर डोंगरात बर्फ वितळत असेल तर सकाळी ते तळ्यापेक्षा गार असतं आणि दुपारनंतर थोडं सुधारतं. म्हणून तिथेही मापच घ्यायचं, अंदाज नाही. पाऊस पडून ओढा गढूळ आला असेल तर तळ्यात एक रेघ दिसते, अलीकडे चहासारखं पाणी, पलीकडे स्वच्छ. ती रेघ सोडू नका. ट्राऊट स्वच्छ बाजूला रेघेला लागून फिरतो आणि गढूळातून गांगरून बाहेर येणारं काहीही गिळतो. लूअर रेघेला आडवा नेण्यापेक्षा रेघेच्या कडेकडेनं न्या.

वेळेचं म्हणाल तर पहाटे चारला उठायचा हट्ट इथे करू नका. उन्हाळ्यात ठीक आहे. वसंतात रात्रभर उथळ पाणी गार पडतं आणि ते परत तापायला दुपार होते, मला तरी सगळ्यात चांगले मासे दुपारी दोन ते संध्याकाळ या वेळातच लागलेत. अडचण अशी की वाराही बहुतेक दुपारीच उठतो. म्हणून अंदाज बघायचा, दुपारी वारा आहे म्हणून सांगितलं असेल तर मुकाट सकाळी जायचं आणि लवकर परत यायचं. मासे कमी मिळतील, मिळू देत.

आता होडीचं, आणि हे मी जरा लांबवणार आहे कारण लूअरच्या रंगावर लोक तासन्तास बोलतात आणि यावर कोणी बोलत नाही. 4 ते 5 मीटरची ॲल्युमिनियमची होडी आणि मागे लहान इंजिन, एवढं पुरतं. पण ज्या थर्मामीटरवर 7 अंश बघून तुम्हाला आनंद झाला तोच आकडा तुम्ही पाण्यात पडलात तर काय होईल तेही सांगतो. गार पाण्यात पडण्याबद्दल 1-10-1 असा एक हिशोब आहे, लक्षात ठेवा. पहिलं 1 मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो, धापा लागतात, आणि त्यात तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, नंतर बोटं मिटत नाहीत, दोरी धरता येत नाही. आणि शुद्ध हरपायला 1 तासाच्या आसपास. म्हणजे माणूस गारठून मरतो हे खरं असलं तरी बरेच जण त्याच्या खूप आधी बुडतात. पोहता येतं का हा प्रश्नच नाही. लाईफ जॅकेट अंगावर घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही, पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, एकदा उन्हाळ्यात करून बघा कळेल. जॅकेट घातलेलं असेल तर पहिल्या मिनिटात काही करायचं नाही, नुसतं तरंगायचं आणि श्वास जाग्यावर आणायचा, मग त्या दहा मिनिटांत होडीवर चढायचं. होडी उलटली तरी ती सोडून काठाकडे पोहायला लागू नका, काठ वाटतो त्यापेक्षा लांब असतो.

किल स्विच म्हणजे दोरी निघाली की इंजिन बंद करणारं बटण, त्याची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली पाहिजे, विशेषतः एकटे असाल तर, नाहीतर तुम्ही पाण्यात आणि होडी एकटीच फिरायला निघाली असा प्रकार होतो. वल्ही घ्याच. पाणी उपसायला डबा, शिट्टी, वॉटरप्रूफ पिशवीत फोन आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड. नांगर टाकायचा तर पुढच्या टोकाला बांधून, मागून कधीच नाही, मागे इंजिनचं वजन असतं आणि लाट सरळ आत येते. सामान मध्ये ठेवा, आणि उभं राहून मासा ओढायचा मोह आवरा. हौस म्हणून एकदा उभा राहिलो होतो मी, मित्र नेमका त्याच बाजूला जाळी घेऊन वाकला आणि होडीची कड पाण्याला टेकली, बादलीभर पाणी आत, दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

वाऱ्याची एक गंमत सांगतो जी उशिरा कळली. वारा काठाकडून तळ्याकडे वाहत असेल तर होडी उतरवायच्या जागी पाणी आरशासारखं असतं, वाटतं वा काय दिवस आहे. लाटा बनायला वाऱ्याला पाण्यावरून धावायला अंतर लागतं, ते काठाजवळ मिळत नाही, पण तुम्ही किलोमीटरभर आत गेलात की तिथे लाटा चांगल्या उभ्या असतात आणि इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला आणखीन आत नेतो. म्हणून निघताना पाणी बघू नका, झाडांचे शेंडे बघा, ढग कुठे जातायत बघा. शक्य असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा घराकडे आणतो. मोठ्या लाटांत अडकलातच तर होडीचं तोंड लाटेला अगदी सरळ न ठेवता जरा तिरपं ठेवून हळू जायचं, आणि पाठीमागून लाटा येत असतील तर लाटेच्या पुढे पळायचा प्रयत्न करू नका, तोंड पाण्यात घुसतं. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला की मी गळ गुंडाळतो, मासे लागत असले तरी. विशेषतः लागत असले तरी, कारण तेव्हाच माणूस "अजून एकच" म्हणतो.

बरं, आता मासेमारी.

रॉड 7 ते 8 फुटी, मऊसर. लाईन 8 पाउंडाची (एवढ्या ओढीला टिकणारी) साधी चालते, पुढे भोवरा म्हणजे गोल फिरणारी कडी, आणि त्यापुढे लीडर, म्हणजे दीड दोन मीटर 6 ते 8 पाउंडाचं, पाण्यात सहज न दिसणारं फ्लुरोकार्बन, कारण वसंतात तळ्याचं पाणी स्वच्छ असतं आणि उथळात ट्राऊटला सगळं दिसतं. भोवरा चुकवू नका, स्पून म्हणजे चमच्यासारखा पत्र्याचा लूअर गोल गोल फिरून लाईनचा असा गुंता करतो की दिवसच संपतो. लूअर म्हणाल तर 7 ते 9 सेंटीमीटरचे पातळ पत्र्याचे स्पून आणि तेवढेच किंवा थोडे मोठे तरंगणारे, माशाच्या आकाराचे बारीक लूअर. रंगाचं माझं साधं आहे, ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर चांदी, ढगाळ किंवा गढूळ असेल तर तांबूस, सोनेरी, नारिंगी. याच्या पलीकडे डोकं चालवून फार फायदा झालेला मला आठवत नाही, डब्यात चाळीस रंग आहेत आणि पाच वापरतो.

लूअर होडीच्या मागे सोडून हळूहळू ओढत न्यायचं याला ट्रोलिंग म्हणतात आणि छोट्या होडीचं हेच मुख्य काम. लाईन किती सोडायची? नवीन माणूस 10 मीटर सोडतो. दोन मीटर पाण्यावरून इंजिन गेलं की मासा बाजूला सरकतो आणि परत जाग्यावर यायला त्याला वेळ लागतो, तेव्हा 30 ते 45 मीटर सोडा. त्याहून बरं म्हणजे प्लेनर बोर्ड. ही एक छोटी फळी असते, लाईनला चिमट्यानं अडकवायची, पाण्याच्या जोरानं ती होडीपासून बाजूला पळते आणि तुमचा लूअर 15-20 मीटर बाजूला, जिथून होडी गेलीच नाही अशा पाण्यातून जातो. होडी 4 मीटर पाण्यात, लूअर काठाजवळच्या 2 मीटर पाण्यात. वसंतात एवढ्या एका वस्तूनं माझे मासे वाढले, बाकी सगळी खरेदी हौस.

वेग परत थर्मामीटर ठरवतो. मासा थंड रक्ताचा, 5 अंशात त्याला पळायचा कंटाळा असतो, ताशी 2 ते अडीच किलोमीटर म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. 8-10 अंश झाले की साडेतीन पर्यंत जा. फोनच्या जीपीएसवर वेग दिसतो, पण त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे लूअर आधी होडीच्या शेजारी दीड मीटर लाईनवर धरून चालवून बघायचा. स्पून आळसावून डावीउजवीकडे डोलला पाहिजे. गरगर फिरत असेल तर वेग जास्त, नुसता काठीसारखा येत असेल तर कमी. इंजिन एवढं हळू चालत नसेल तर मागे दोरीला बांधून एक बादली पाण्यात सोडा, ओढ बसते आणि वेग उतरतो, फक्त दोरी इंजिनच्या पंख्यापासून लांब ठेवा. वल्ह्यांची होडी असेल तर तुम्ही नशीबवान, वल्हं मारलं की लूअर पुढे झेपावतो, वल्हं उचललं की मंदावतो आणि जरा खाली बसतो, आणि ट्राऊट नेमका त्या मंदावण्याच्या क्षणाला तोंड मारतो. त्या आजोबांचं गुपित बहुधा तेच होतं.

इंजिनवाल्यांनी हे वळणं घेऊन करायचं. सरळ रेघेत जाऊ नका, नागमोडी जा. डावीकडे वळलात की डाव्या बाजूचा लूअर मंदावतो आणि खाली जातो, उजव्या बाजूचा वेग घेतो आणि वर येतो. आता मासा कोणत्या लाईनला लागला ते बघायचं. मला हे शिकवलं एका ओंडक्यानं. तासभर काही नाही, समोर तरंगता ओंडका आला म्हणून झटकन वळलो आणि आतल्या बाजूचा रॉड असा वाकला की टोक पाण्याला लागलं. मासा काढला, पुढे गेलो, परत तासभर काही नाही. तेव्हा ट्यूब पेटली, वेग कमी केला, आणि मग पुढच्या अर्ध्या तासात दोन लागले. आतल्या लाईनला मासा लागला की हळू व्हा, बाहेरच्या लाईनला लागला की थोडं वाढवा. मासा स्वतःच सांगतोय, ऐकायचं.

मधेच पाण्यावर काळ्या बारीक किड्यांचे थवे दिसले, मासे पृष्ठभागाला नुसतं तोंड लावून गोल उमटवून जातायत, असं झालं तर ट्रोलिंगचा आग्रह सोडा. ते पाण्यातून वर येणारे किडे खातायत आणि तुमच्या स्पूनकडे ढुंकून बघणार नाहीत. इंजिन बंद करा, वाऱ्यावर होडी आडवी वाहू द्या आणि फ्लाय (पिसादोऱ्यानं किड्यासारखा बांधलेला हलका गळ) टाकता येत असेल तर फ्लाय टाका. मला फ्लाय बेताचंच येतं त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

मासा लागला की झटका मारायचा नाही. होडी चालतीये, गळ आपोआप रुतलेला असतो. ड्रॅग, म्हणजे रीळचा ब्रेक, आधीच सैल ठेवा, हातानं लाईन ओढली तर जराशा जोरात निघाली पाहिजे, कारण 6 पाउंडाच्या लीडरवर घट्ट ड्रॅग म्हणजे तुटलीच. इंजिन पूर्ण बंद करू नका, वाऱ्यात होडी फिरते आणि दोन्ही लाईनी एकमेकींत जातात, अगदी हळू चालू ठेवा. रेनबो ट्राऊट असेल तर उडी मारेल, उडी मारताना रॉडचं टोक खाली झुकवून लाईन जरा ढिली द्या. ब्राऊन उड्या कमी मारतो, खाली डोकं घालून हट्ट करतो. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा तिच्यावर आणायचा, डोक्याकडून. जाळी घेऊन माशामागे धावलात तर लूअरचा दुसरा गळ जाळीत अडकतो आणि मासा टाटा करून जातो.

सोडायचा असेल तर पाण्यातच सोडा. हात आधी ओले, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. बिनकाट्याचा गळ असेल तर चिमट्यानं एका वळणात सुटतो. आणि एक लक्षात घ्या, ब्राऊन शरद ऋतूत अंडी घालतो पण रेनबो वसंतात घालतो, ओढ्यांच्या तोंडाशी गडद रंगाचे, अंड्यांनी पोट भरलेले रेनबो दिसतात, ते मी तरी ठेवत नाही. लायसन्स, किती मासे, किती लांबीचे, एका माणसाला किती रॉड, कुठल्या तारखेपासून, हे प्रत्येक तळ्याचं वेगळं असतं आणि ओढ्यांच्या तोंडांना पुष्कळदा आणखी वेगळं, तेव्हा तिथले चालू नियम आधी वाचून जा.

ठेवलेला मासा तिथेच साफ करा, कल्ले काढा, पाठीच्या कण्याला लागून रक्ताची काळपट रेघ असते ती अंगठ्याच्या नखानं खरवडा, आणि बर्फात टाका. पण आतडी टाकण्याआधी पोटाची पिशवी चिरून बघा. बोटाएवढे चांदीसारखे मासे निघाले तर तुमचा स्पून बरोबर आहे, लांबी फक्त त्यांच्याशी जुळवा. काळ्या बारीक सालांसारखं, चिवड्यातल्या मोहरीसारखं काही निघालं तर ते किडे, म्हणजे उद्या लहान लूअर नाहीतर फ्लाय.

परत आल्यावर होडी धुवायची, साचलेलं पाणी काढायचं, पूर्ण वाळवायची आणि मगच दुसऱ्या तळ्यात. झेब्रा मसलसारखे शिंपले अळीच्या रूपात त्या वाटीभर पाण्यातून प्रवास करतात आणि एकदा तळ्यात शिरले की निघत नाहीत. पाणी काढायला होडीच्या मागचं बूच काढावं लागतं, आणि ते बूच पुढच्या वेळी लावायला विसरणारा मी एकटाच नाही हे मला माहितीये, धक्क्यावर दर वसंतात कोणीतरी असतोच ज्याचे बूट अचानक ओले होतात. माझं बूच आता किल स्विचच्या दोरीलाच बांधलेलं असतं, ते सोडवून लावल्याशिवाय इंजिनच चालू होत नाही.